उंबऱ्याचं लाकूड

गाव कोनतं म्हनून इचारता, तर काय सांगू तुम्हाला ताई, माझा जन्मच मुळी वाटंवर झालेला. पुसेगावच्या शिवारात एका लिंबाखाली मायला कळा आल्या, बाप मेंढरं घेऊन म्होरं गेलेला, त्याला कोनीतरी आरोळी देऊन थांबवलं, अन् मी झाली. तिसऱ्या दिवशी मायनं मला फडक्यात बांधलं अन् चालायला लागली. आमच्यात असंच व्हतं. आमी धनगर, मेंढरामागं फिरनारे, पानकळ्यात चार महिने माळावर राह्यचं अन् सुगी झाली की निघायचं वऱ्हाडाकडं, या वावरातून त्या वावरात. शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची, त्याला खत मिळायचं, आपल्याला दानं. घोड्यावर पाल, पालावर बाज, बाजंवर कोंबड्या बांधलेल्या, कोंबड्यात एखांदं कोकरू, अन् कोकराच्या शेजारी लेकरू. मी बी तशीच घोड्यावर बसून दुनिया पाह्यली. धुरपता नाव ठिवलं. शाळंत नाव घालायला नेलं असतं तर मास्तरनं गाव इचारलं असतं, अन् बापाची पंचाईत झाली असती, म्हनून कोनी घातलंच न्हाई ते बरं झालं म्हना.

लगीन झालं तवा मी लहानच व्हती, वय बिय कोनाला ठाऊक. सासरचे बी आमच्यासारखेच, कनेरगाव नाक्यापासून वाशिमकडं जानाऱ्या वाटंवर फिरनारे. आता नवी नवरी घरी येते तवा उंबऱ्यावर माप ठिवत्यात, दान्यानं भरलेलं, तिनं उजव्या पायानं ते लवंडायचं अन् उंबरा वलांडून आत यायचं, हे तुम्हाला म्हाईत हाय. पन पालाला कुठला आला उंबरा? माझी सासू लय हिकमती बाई. तिनं लेकाच्या हातातली काठी वढली, पालाच्या तोंडाशी आडवी टाकली, तिच्यापाशी माप ठिवलं अन् म्हनली, वलांड पोरी, हाच आपला उंबरा. बाया हासल्या. मी बी हासली, डोईवरचा पदर तोंडात धरून. मंग सासू माझ्या कानाशी आली, म्हनली, मी बी काठीच वलांडून आली, तू बी काठीच वलांडली, पन तुझ्या सुनंला खरा उंबरा दे बरं का धुरपते. ती हासतच म्हनली व्हती. पन काही काही बोलनं डोक्यात बसतं ते बसतंच, खडा रुतल्यावानी.

सासू चांगली व्हती हे मी म्हनती याचं नवल वाटू देऊ नगा. तोंडानं खारट, हातानं गोड. माझा मारोती झाला तवा तिनं मला दोन महिने चालू दिलं न्हाई, घोड्यावर बसवलं अन् सोता बाज डोक्यावर घेऊन चालली. पुढं मारोती दुडदुडा चालायला लागला त्या साली ती गेली. माळावर परत येत व्हतो, पाऊस तवा लवकर आला, वाटंतच गाठलं. तिला ताप भरला. पालातून पानी गळायचं, मी तिच्या आंगावर घोंगडं टाकायची, घोंगडं भिजलं की दुसरं, दुसरं भिजलं की पयलं पिळून. तिसऱ्या दिवशी गेली. नाक्याच्या पल्याड, सडकंच्या कडंला एका बाभळीखाली तिला मातीत ठिवलं, वर एक दगड उभा केला. तवापासून दर साली वऱ्हाडात जाताना अन् येताना आमचे मालक तिथं थांबायचे, दगडावर पानी वतायचे, भाकरीचा तुकडा ठिवायचे. मालक म्हंजी मारोतीचे बाप, माझा नवरा, मी त्याइचं नाव घेत न्हाई, तुमी बी लिहू नगा.

आता घराचं सांगते. तवा आपला हिंगोली जिल्हा झाला नव्हता, परभनीलाच जावं लागायचं कशासाठी बी. लातूरकडं भूकंप झाल्याचं पुढलं साल. धाब्याच्या घराखाली मानसं गाडली गेली असं ऐकून इकडं बी लोकं भ्यायले, मातीचं छत म्हनलं की कोनी खाली झोपंना. एक गुरुजी व्हते, शाळंतून रिटायर झालेले, त्याइचं हे वावरातलं घर. त्याइच्या वावरात आमची मेंढरं कैक साल बसली व्हती. गुरुजीची पोरं त्याइला वाशिमला घेऊन गेली, सलाबच्या घरात. हे घर तसंच पडलं. एक दिवस गुरुजी वावर पाह्यला आले तवा मी आंगनात भाकरी थापून राहिली व्हती, तीन दगडाच्या चुलीवर, अन् मारोती त्या मोडक्या घरात आत-भाईर, आत-भाईर पळून राहिला व्हता. गुरुजी बघत बसले. मंग म्हनले, धुरपताबाई, तुमीच राहा ना इथं. मला पैसा नगं. माझं वावर तेवढं दर साली खतावत जा.

ताई, मी भाकरी तव्यावर जळू दिली. अशी जळाली की कोंबडीनं बी खाल्ली न्हाई.

मालकाला इचारलं तर मालक म्हनले, बघू. आमचे मालक नको म्हनत न्हाईत कधी. बघू म्हनले की समजायचं नको हाय. पन मी हट्टाला पेटली. आत बोरीबाभळी उगवलेल्या, एका खोलीत घूस, भिंतीला भगदाड, दाराची फळी कोनी नेलेली, खालचा उंबरा वाळवीनं खाऊन त्याचा भुसा झालेला, बोट लावलं की पीठ. मी अन् मालकानं मिळून बोरी तोडल्या, भिंतीला शेनमाती लावली. मालक काम करायचे, बरं का, मान मोडून करायचे, पन संध्याकाळ झाली की मेंढरापाशी आंगनात घोंगडं टाकायचे. आत या ना म्हनलं तर म्हनायचे, मला मोकळं लागतं.

मंग आली छताची बारी. आन् इथं मी काय येडेपना केला ते सांगितल्याबिगर तुमी उठायचं न्हाई. मिरग तोंडावर आला व्हता. लोकं धाब्यावर दर साली माती टाकत्यात हे मी येता-जाता पाह्यलं व्हतं. पन कोनती माती हे कोन बघतं? आमी फिरस्ते. मी म्हनलं, आपल्याला माती काय कमी हाय, समोरच्या वावरात काळीभोर माती, कैक साल आपली मेंढरं बसलेली, लोण्यावानी. जी माती कनसाला दानं भरती ती आपल्याला पाऊस लागू देईल का? आठ दिवस मी टोपल्यानं ती माती वाहिली. शिडीवर चढून धाब्यावर वतली, हातभर थर केला, वरून चोपलं, अन् खाली उतरून कंबरंवर हात ठिवून पाह्यलं. काळं कुळकुळीत धाबं. मला वाटलं असं घर उभ्या परभनी जिल्ह्यात न्हाई.

ते खरंच निघालं. पाऊस पडला अन् पंधरा दिवसात माझ्या धाब्यावर ज्वारी उगवली. ज्वारी, गवत, दोन तुरीची रोपं, एक भोपळ्याचा येल. लेंडीखतात बी असतं ना, ते सगळं वर आलं. सडकंनं जानारी मानसं सायकल थांबवून बघायची. गावातल्या बाया इचारायच्या, काहो धुरपताबाई, हुरड्याला कवा बोलवता? निंदायला बाया लागतील का? मी बी खालून वराडायची, तुमच्या नवऱ्याला पाठवा, डवरा धराया. पन आतून मला रडू येत व्हतं. अन् मारोती तर कोकरू घेऊन शिडीवर चढला व्हता, चारायला.

हासा, हासा. मी बी आता हासती. पन काळी माती पानी पिते, ताई, पिऊन फुगते, अन् जड व्हते. सावनात झडी लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी बसली व्हती अन् मालक भाईर. वरून कडाकड आवाज आला. मी मारोतीला धरून पळाली. कोपऱ्यातली तुळई मोडली अन् सगळा कोपरा खाली आला, ज्वारीसकट. त्या कोपऱ्यात डालग्याखाली कोकरं ठिवली व्हती, पावसाचं भिजू नये म्हनून मीच ठिवली व्हती. दोन गेली. मालकानं हातानं माती उकरून काढली. बराच टाइम त्याइनं हातात धरून ठिवली, एक एका हातात. मंग म्हनले, धाब्याखाली मानसं मेली, कोकरं मेली. पालाखाली कोन मेलं का कधी?

अन् माझ्या तोंडातून निघालं. तुमची माय मेली न्हवं पालाखाली.

तोंडातून निघालं ते निघालं. मालकानं माझ्याकडं पाह्यलं. कोकरं पुरली, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं घेऊन निघाले, पोळ्याच्या आदीच, पानकळ्यातच, जवा कोनी निघत न्हाई. म्या दारात उभं राहून पाह्यलं. जाताना त्याइनं एक केलं. पाल नेलं न्हाई. पाल पडलेल्या कोपऱ्यावर वढून बांधून दिलं, चारी कोपरे दगडाला तानून, आमी भिजू नये म्हनून, अन् सोता नुसतं घोंगडं खांद्यावर टाकून गेले. त्या मानसाला मी तसं बोलली व्हती. आज बी आठवलं की जिभंला चिमटा घ्यावा वाटतो.

मंग मला चाचा भेटले. मूळचे पुसेगावचे, गवंडीकाम अन् सुतारकाम दोन्ही जाननारे, म्हातारपनी नाक्यावर लेकाच्या घरी राह्यचे. माझ्या शेतीची कीर्ती त्याइच्या कानावर गेलीच व्हती. आले, काठीनं माती उकरून पाह्यली अन् कपाळाला हात लावला. अगे बेटी, काली मिट्टी पेट भरती, सिर नई ढाकती. ये तूने क्या किया? मी म्हनलं, चाचा, मला ठाऊक नव्हतं, आमी पालातले. म्हनले, तो सीख ले, उसमें क्या. आदी पानकळा जाऊ दे.

दसऱ्यानंतर चाचा लागले. नव्या तुळया चढवल्या. तुळयांवर आडव्या काड्या, काड्यांवर लिंबाचा पाला गच्च, म्हंजी कीड लागत न्हाई, अन् त्याच्यावर पांढरी माती. पांढरी माती चिकट, पानी पीत न्हाई, वरच्या वर वाहून जाती. काळी पेरायची, पांढरीत राह्यचं, हे लहान लेकराला बी ठाऊक असतं म्हनले चाचा. मी म्हनलं, गावातल्या लेकराला. ती पांढरी माती मिळती गावातल्या जुन्या गढीची, भिंती पडून पडून टेकाड झालेलं, सगळं गाव तिथूनच नेतं. मी टोपलं घेऊन गेली. तिथं एक म्हातारा बसलेला, जुना जानता मानूस. म्हनला, थांब. कुन्या गावची तू? ही पांढरी गावकऱ्याची हाय, ज्याच्या घरावर पडती तो गावचा. फिरस्त्याला न्हाई देता येत.

मी रिकामं टोपलं घेऊन परत आली. वाटंत त्याच बाया भेटल्या, हुरड्याच्या. काहून वो रिकामी, म्हनल्या. मी सांगितलं. आता रागानं सांगितलं का रडून, मला आठवत न्हाई. त्यातली एक, गंगाबाई, आंगानं ठसठशीत, तोंडानं माझ्यापक्षा जास्त, ती म्हनली, म्हाताऱ्याला काय, तो सोताच्या सुनंला बी परकी म्हनतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाह्यते तर गंगाबाई डोक्यावर टोपलं घेऊन आली, पांढऱ्या मातीचं. तिच्यामागं दुसरी. तिच्यामागं अजून. आमी आमच्यासाठी नेतोय म्हनून आनली, अन् तुझ्या दारात सांडली, म्हातारा काय करील, असं म्हनून हासत सुटल्या. आठ-दहा दिवस येता-जाता एकेक टोपलं टाकायच्या. चाचानं नारळ फोडायला लावला, सोता मुसलमान असून, म्हनले, पांढरी का मान रखना पडता. मी नारळ फोडला, सगळ्या बायांना खोबरं वाटलं, एक तुकडा त्या म्हाताऱ्याला बी नेऊन दिला. त्यानं घेतला. खाल्ला बी.

धाबं झालं. पानी जायला पन्हाळं झालं. उजेडासाठी वर एक भोक ठिवत्यात, साणं म्हनत्यात, त्यातून दुपारी उन्हाचा कवडसा चुलीपाशी पडायचा अन् मी त्यावरून येळ वळखायची. दाराची चौकट चाचानं केली, दोन बाजूचं अन् वरचं. खालचं केलं न्हाई. मी म्हनलं, चाचा, उंबरा? म्हनले, वो मैं नई देता. उंबऱ्याचं लाकूड घरधन्यानं आनायचं. तेरा आदमी लाएगा. मी म्हनलं, आदमी तर रुसून गेला. म्हनले, आएगा ना. त्याइनं एक सुतळी घेतली, दाराचं माप मोजलं, रुंदीची एक गाठ, जाडीची एक गाठ, अन् ती सुतळी दाराच्या बाजूला खिळ्याला टांगून ठिवली. हे माप. आला की दे म्हनले.

मालक आले मिरगाच्या आदी. मेंढरं आंगनात शिरली अन् मागून मालक. घराकडं पाह्यलं. भवती एक चक्कर मारली, भिंतीला हात लावून लावून. वर पाह्यलं. म्हनले, पन्हाळं बराबर काढलं. येवढंच. मी सुतळी दाखवली, चाचाचं बोलनं सांगितलं. म्हनले, आनतो.

आनतो म्हनले अन् बारा साल गेले.

खोटं न्हाई सांगत. बारा. ह्या बारा सालात घराचं काय काय झालं. मागं मोरी बांधली, आंगनात लिंब लावला, लाइट आली, मारोती नाक्यावरच्या शाळंत धाव्वीपर्यंत गेला अन् त्याच्या दाखल्यावर गाव लिहिलं, मी त्या कागदावर बोट फिरवून मास्तरला इचारलं, कुठं लिहिलं, इथं का? जिल्हा हिंगोली झाला. दर साली मिरगाच्या आदी मी गढीला जायची, टोपलं घेऊन, कोनी थांबवलं न्हाई. पन मालक घरात आले न्हाईत. म्हंजी भांडन नव्हतं, बरं का. बोलायचे, हासायचे, मारोतीला खांद्यावर घ्यायचे. पन जेवायला बसायचे ते दाराच्या तोंडात, तिथं उंबऱ्याची खाच रिकामी व्हती ना, तिथं बूड टेकायचे, तोंड आत, पाय भाईर. मी चुलीपासून भाकरी सरकवायची. पानकळ्यात पाय भिजायचे, पन आत न्हाई. अन् सुगी झाली की एकलेच मेंढरं घेऊन जायचे, नाक्याच्या पल्याड, मायच्या दगडाकडून पुढं. मी सुतळीकडं बघायची. धुळीनं काळी पडली, मी काढून झटकायची अन् परत टांगायची. मनात यायचं, मी तवा तसं बोलली म्हनून हे. पन इचारायची हिंमत झाली न्हाई. भांडनात माझं तोंड चालतं, माफी मागायला चालत न्हाई, अशीच मी.

मारोती मोठा झाला, नाक्यावर ढाब्याच्या शेजारी त्यानं टायरचं दुकान टाकलं, पंचर काढायचं. आता मेंढरामागं फिरनाऱ्याला पोरगी देत न्हाईत ताई, आमच्यातले बी देत न्हाईत. घर हाय का, हे पयलं. औंढ्याकडची एक सोयरीक आली. पोरीचा बाप घर पाह्यला आला. धाबं पाह्यलं, लिंब पाह्यला, थंड हाय म्हनला, खूश. अन् जाताना खाली पाह्यलं. म्हनला, दाराला उंबरा न्हाई व्हय? माझी लेक माप कुठं लवंडनार?

मारोती लाजला. म्हनला, मामा, शिमिटाचा करून घेतो, दोन दिवसाचं काम. मी म्हनलं, शिमिटाचा न्हाई. मालक त्याच खाचेत बसले व्हते, चहाची बशी हातात. सोयरीक जुळली, लगीन धरलं. लग्नाला आठ दिवस राह्यले तवा सकाळी मालक उठले, काठी घेतली, येतो म्हनले अन् गेले. मेंढरं न्हाई, काही न्हाई. एक दिवस झाला, दोन झाले. मारोती म्हनला, बाबा गेले वो माय, लग्नाला बी थांबायचे न्हाईत. पाव्हने इचारायला लागले. मी सगळ्याइला म्हनायची, येतील. कशावरून म्हनत व्हती ते कोनाला सांगितलं न्हाई. तुम्हाला सांगती. मालक गेले त्या सकाळी मी दार झाडत व्हती, अन् खिळ्यावर सुतळी नव्हती.

पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी दुपारी, आंगनात मांडव घालून राहिले व्हते, अन् एक टेम्पो सडकंवरून आत वळला. पाठीमागं मालक उभे, एका हातानं दांडी धरलेली, अन् पायाशी लाकडाचा वंडका, ह्या येवढा, साल काढलेला, आतून लाल. बाभळीचा. चार मानसांनी उतरवला. मी म्हनलं, कुठून आनला? मालक खाली बसले. म्हनले, सडक रुंद करून राहिले नाक्याच्या पल्याड. मायची बाभूळ तोडली. मी गेलो तर आडवी पडली व्हती.

मी त्या लाकडावर हात ठिवला ताई.

मंग त्याइनं सांगितलं. आवंदा सुगीला गेले तवाच तिथं चुन्याची खून केलेली पाह्यली व्हती झाडावर. कोनाला बोलले न्हाईत. आता गेले तर झाड पडलेलं, दगड बाजूला लोटून दिलेला. तिथंच बसून राह्यले, येगयेगळ्या मानसाला इचारत, की ह्या झाडाचं खोड मला द्या. कोनी म्हने सायबाला इचारा, कोनी म्हने लिलाव व्हतो. चार दिवस. शेवटी तिथलाच एक मुकादम म्हनला, न्ये म्हाताऱ्या, तुझी माय हाय तर न्ये. मालकानं सुतळीच्या मापानं तिथंच कापून घेतलं. आन् तिथली एक ओंजळ माती, धोतराच्या सोग्यात बांधून आनली.

मी म्हनलं, आवो, मी तवा बोलली ते... मालकानं मला पुरं करू दिलं न्हाई. म्हनले, खरं बोलली व्हती तू. पालाखालीच मेली. मी घरात आलो असतो तर ती एकली राह्यली असती सडकंला, म्हनून न्हाई आलो. तुझ्यावर राग न्हाई मला. आता घरात राहू दे तिला.

बारा साल मी उगंच जिभंला चिमटे घेतले बघा. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पन आमचे मालक सांगनाऱ्यातले न्हाईत.

चाचाला बलावलं. चाचा लय थकले व्हते, दिसायचं न्हाई बराबर. लेकानं मोटरसायकलवर आनलं. लाकडावर हात फिरवला, सुतळी हातात घेतली, गाठी चाचपल्या, अन् हासले. बारा साल लगा दिए रे तेरे आदमीने. दिसत नसताना त्याइनं हातानं चाचपून चाचपून ते लाकूड खाचेत बसवलं, खाली ती ओंजळभर माती टाकली. ठोकताना मालक बाजूला उभे व्हते, प्रत्येक घावाला डोळे मिटायचे. बसलं तवा चाचा म्हनले, अब हिलेगा नई.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरात आली. सून दारात उभी राह्यली, कविता नाव तिचं. उंबऱ्यावर माप, उंबऱ्याला हळदकुंकू मी सोता लावलं. तिनं उजव्या पायानं माप लवंडलं, दानं आत चुलीपर्यंत पसरले, साण्यातून पडलेल्या उन्हात. अन् ती वलांडून आत आली. सगळे आत गेले, गंगाबाईनं नाव घ्यायला लावलं, हासनं-खिदळनं. मी मागं वळून पाह्यलं. मालक भाईर उभे. त्याइनं काठी भाईर भिंतीला टेकवली, वहाना काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला, हात कपाळाला लावला, अन् आत आले. चुलीपाशी बसले. इकडं तिकडं पाह्यलं, वर साण्याकडं पाह्यलं, नव्या पाव्हन्यावानी. म्हनले, थंड हाय गं आत.

मी म्हनलं, हाय ना. बारा सालापासून हाय.

आता मेंढरं इकली, चार शेळ्या हायेत. चाचा गेले दोन साल झाले, त्याइच्या मातीला मालक गेले व्हते. कविता चांगली हाय, तोंडानं खारट, हातानं गोड, सासूवर गेली म्हना, माझ्यावर न्हाई, माझ्या सासूवर. मारोती म्हनतो सलाब टाकू, धाब्याला दर साली माती वाहायची तुझ्यानं व्हत न्हाई. टाक म्हनलं बाबा, तुझं घर हाय. भिंती पाड, धाबं काढ, पन चौकटीच्या खालचं लाकूड जिथल्या तिथं राह्यलं पाहिजे. मालक दुपारी त्याच्याशेजारी आतल्या अंगाला पडतात, भिंतीला पाठ लावून, अन् कधी कधी लाकडाशी बोलत असल्यावानी ओठ हालवतात. मी इचारत न्हाई. रोज सकाळी सडा टाकला की मी उंबऱ्याला हळदकुंकू लावते, पानी शिपडते. आता दगडाकडं कोनी जात न्हाई, जायची गरजच न्हाई.

झालं एवढंच. तुमी एवढ्या लांबून आल्या, माझं ऐकलं, लिहून घेतलं, तुमच्या लेकराबाळाला सुख लागो, डोक्यावर छत राहो, ते बी न गळनारं. अन् हे बघा, निघताना अंधारात नीट पाहून जा बाई. उंबऱ्यावर पाय देऊ नगा, वलांडून जा. सासू हाय माझी.